रंगाची हवा

परवापासून सोसायटीत थिनरचा वास सुटलाय. दिवाळीच्या आधी जिन्याच्या ग्रिलला ऑइलपेंट मारायचा, हा आमच्या निगडीच्या सोसायटीचा दरवर्षीचा सोहळा. ग्रिल गंजलेलं नसलं तरी मारायचा. रंगारी सकाळी डबा उघडतो आणि वास जिना चढत चढत आमच्या शेवटच्या मजल्यापर्यंत येतो. शेजारच्या वहिनी नाकाला ओढणी लावून उतरतात, जाता जाता कमिटीला दोन शब्द ऐकवतात. मीही दार लावून घ्यायला हवं, पण लावत नाही. आत बाल्कनीत हे बसलेले असतात, आणि वास आला की मान जराशी वर करतात. तेवढंच.

आमच्या घरात वर्षाचे ऋतू दोनच. एक रंगाची हवा असलेला आणि दुसरा रंगाची हवा नसलेला. पावसाळ्यात हवेत ओल असते, त्यामुळे फवारलेला रंग सुकताना पांढरट पडतो, बुरशी धरल्यासारखा. उन्हाळ्यात तो वस्तूपर्यंत पोचायच्या आधी हवेतच वाळतो आणि खरखरीत बसतो. म्हणून खरी रंगाची हवा दसऱ्यापासून फार तर होळीपर्यंत. हे ज्ञान मला लग्नानंतर नवऱ्याकडून मिळालं. इतर बायकांना नवऱ्याकडून काय काय मिळतं, त्याची चौकशी मी कधी केली नाही.

यांना मॉडेल किटचा छंद. छंद म्हणावा की आजार, हे मी अजून ठरवलेलं नाही. एक खोका येतो. त्यावर झोकदार ट्रकचं नाहीतर विमानाचं चित्र असतं. आत प्लास्टिकच्या चौकटी, आणि चौकटींना करवंदांसारखे लटकलेले बारीक बारीक भाग. स्टिअरिंग, आरसे, नट, नटावरची टोपीसुद्धा. ते एकेक कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की हातभर लांबीचा हुबेहूब ट्रक तयार होतो. असं खोक्यावर लिहिलेलं असतं. आमच्या घरात मी तो तयार झालेला पाहिलेला नाही.

खोके मात्र पाहिलेत. माळ्यावर, दिवाणात, मुलीच्या पलंगाखाली, गव्हाच्या कोठीमागे, माझ्या पैठणीच्या शेजारी. मुलगी लहान होती तेव्हा तिच्या मैत्रिणी लपाछपी खेळायला आमच्याकडे येत नसत. लपायला जागाच नव्हती. ती आता बंगळुरूला असते आणि तिच्या घरात एकही कपाट पुरतं भरलेलं नाही. तिने ते मुद्दाम ठेवलंय, असा माझा संशय आहे.

मला या छंदाचा राग प्लास्टिकमुळे नव्हता. मी भोसरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते, बुशची, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या धातूच्या कड्यांची, मापं तपासायला. माझं सगळं आयुष्य अशाच लहान लहान वस्तूंबरोबर गेलं. त्यामुळे बारीक कामाचं कौतुक मला जास्तच. राग होता तो चालढकलीचा. आमच्या कामात एक तर माल पास होतो, नाहीतर रिजेक्ट होतो. मध्ये काही नसतं. महिनाअखेरीला सुपरवायझर यायचा, गोड आवाजात म्हणायचा, "मॅडम, एवढ्याशा फरकासाठी लॉट अडवू नका ना. गाडी गेटवर उभी आहे."

"मग उभी राहू द्या," मी म्हणायचे.

मायक्रोमीटर जे दाखवेल तेच मी लिहिलं. रिटायर होईपर्यंत एक आकडा खोटा लिहिला नाही. कंपनीने निरोपाला शाल दिली, त्या शालीपेक्षा मला याचा जास्त अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

आणि आमच्या घरात काय, तर एक मीटर. हवेतली ओल दाखवणारा, गोल तबकडीचा, पितळी कडेचा. यांनी तो बाल्कनीच्या दाराशेजारी खिळ्याला टांगला. नियम साधा होता. काटा साठच्या वर असला की रंगकाम बंद. साठच्या खाली आला की रंग फवारायचा एअरब्रश बाहेर काढायचा. जूनपासून तो काटा ऐंशी-नव्वदच्या आसपास मुक्काम ठोकायचा आणि हे निवांत व्हायचे. निवांत म्हणजे खरेदीला मोकळे. पावसाळाभर पार्सलं येत राहायची. "आत्ता घेऊन ठेवतो, पाऊस गेला की बांधू."

पाऊस जायचा. काटा खाली यायचा. तिथून खरी गंमत. मी आकडा वाचून दाखवायचे, "अहो, बावन्न आहे. काढा की तुमचा काँप्रेसर." तर यांना आठवायचं की थिनर संपलंय. थिनर आलं की एअरब्रशची सुई अडकलेली. सुई आली की फर्स्ट शिफ्ट लागलेली, आणि पहाटे उठणाऱ्याच्या हाताला संध्याकाळी स्थिरपणा नसतो म्हणे. मग लग्नसराई. मग मुलीची परीक्षा. मग एक दिवस होळीच्या लाकडांची जमवाजमव सुरू झाली की हे बाल्कनीतून वळून म्हणायचे, "झालं. आता हवा तापली." चेहऱ्यावर चक्क सुटका.

असे लोक एकेकटे नसतात. यांची एक मंडळीच होती, रविवारी आमच्याकडे जमणारी. त्यातले आमच्या अगदी घरातले झालेले म्हणजे दत्तूभाऊ. माण गावचे. पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेलं घर. आयटी पार्क सरकत सरकत त्यांच्या बांधापर्यंत आला आणि मग बांधच राहिला नाही. दत्तूभाऊंनी तीन मजली बंगला बांधला आणि त्यातली एक अख्खी खोली किटना दिली. जमवायचे काय, तर ट्रॅक्टर. लाल ट्रॅक्टर, निळे ट्रॅक्टर, जुने, नवे, नांगरासकट. सगळे बंद खोक्यात.

मी एकदा त्यांना विचारलं, "भाऊ, एखादा तरी बांधा. नातवाला दाखवायला."

"बांदायचा हाय की वहिनी. पर बांदला की उभा कुटं करायचा? आमच्या रानात आता काचंच्या बिल्डिंगी हायत." हसत हसत म्हणाले आणि चहाची बशी तोंडाला लावली. ते हसले म्हणून आम्हीही हसलो.

रविवारी ही मंडळी जमून काय करत, तर 'बघायचे'. हा त्यांचा शब्द. कुणीतरी नवा खोका आणायचा. मध्ये सतरंजीवर ठेवायचा. झाकण हळूच उचलायचं. आधी प्लास्टिकचा वास घ्यायचा, एकेकाने, पाळीपाळीने. मग चौकटी उजेडात धरून बघायच्या. पुस्तिका चाळायची. "मोल्डिंग कडक आहे राव," असं म्हणायचं. मग सगळं होतं तसं आत ठेवून झाकण लावायचं. माझे पोहे खायचे आणि जायचे. मुलगी बघायला आलेली मंडळी अशीच वागतात हे मला ठाऊक होतं. बघतात, तारीफ करतात, कळवतो म्हणतात. मी तीन-चार घरांसमोर अशी बसले होते. त्यामुळे झाकण लागताना मला त्या किटची दया यायची.

आणि जे सगळ्यांत चांगलं किट, त्याचं तर वेष्टणही फोडायचं नाही. ते "हात बसल्यावर". आधी साध्या किटवर हात बसवायचा, मग मधल्या, मग त्या एकाला हात घालायचा. प्रत्येकाचं असं एक असायचं. यांचं होतं लांब नाकाच्या परदेशी ट्रकचं. कंपनीतला कुणी ट्रेनिंगला जर्मनीला गेला होता, त्याच्याकडून मागवलेलं. मुलगी तेव्हा बालवाडीत होती. ते माळ्यावर सगळ्यांत मागे, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेलं. दिवाळीच्या साफसफाईत मी चादर झटकायचे आणि हे शिडीखाली उभे राहून म्हणायचे, "सांभाळून."

त्या ट्रकचं एवढं काय होतं ते मला फार उशिरा कळलं. हे चाकणच्या रस्त्यावरच्या ट्रकच्या कंपनीत असेंब्ली लाइनवर होते. मला वाटायचं, माझा नवरा ट्रक बनवतो. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर मी तसं अभिमानाने लिहायचे. तर तसं नव्हतं. यांचं स्टेशन होतं फ्रंट अ‍ॅक्सलचं. वरून सांगाडा यायचा, यांनी पुढचा अ‍ॅक्सल म्हणजे चाकांचा आस बसवायचा, नट आवळायचे, आवळलेल्या प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे पुढच्याला कळावं की हा आवळलाय. ठिपका दिला की सांगाडा पुढे, आणि दुसरा हजर. पुढे त्याला इंजिन बसायचं, केबिन बसायची, चाकं लागायची, तो स्वतःच्या बळावर आवाज करत बाहेर पडायचा, ते सगळं यांच्या पाठीमागे. पाण्याला जाताना वळून बघितलं तर दिसायचं.

एकदा तळेगावकडे जाताना पुलावर आमच्या बसशेजारी एक नवा ट्रक थांबला. मी म्हटलं, "तुमचाच दिसतोय." हे खिडकीतून वाकून खाली बघायला लागले, चाकाच्या आतल्या बाजूला. म्हणाले, "ठिपके माझेच आहेत. बाकीचा कुणाचा कोण जाणे." देहूरोड गेल्यावर म्हणाले, "एक अख्खा ट्रक स्वतः जोडायचाय मला. सांगाड्यापासून आरशापर्यंत. दुसऱ्या कुणाचा हात न लागता." मला तेव्हा पहिल्यांदा तो चादरीतला खोका काय आहे ते समजलं. आणि त्याच क्षणी प्रचंड राग आला, की मग माणसा, अडलंय कुठे?

ज्या मोसमाची आठवण या थिनरने निघते, तो यांच्या रिटायरमेंटनंतरचा दुसरा. गणपतीत आरतीच्या वेळी यांच्या हातातलं निरांजन थरथरताना मी पाहिलं. उजवा हात. मला वाटलं, उपासाने. नवरात्रात चहाचा कप बशीवर वाजायला लागला. आकुर्डीच्या डॉक्टरांनी यांना चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, कागदावर गोल काढायला लावला. गोल वाकडातिकडा आला. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे, सुरुवात आहे, गोळ्यांनी बराच आटोक्यात राहील, काळजी करू नका.

यांनी विचारलं, "फेब्रुवारीपर्यंत चालतील का हात?"

डॉक्टरांना कळेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं असेल, घरात लग्न आहे. मला मात्र फेब्रुवारी म्हणजे काय ते बरोबर कळलं होतं. रंगाची हवा तिथवरच.

घरी आल्यावर यांनी चप्पलसुद्धा न काढता मीटर बघितला. काटा अठ्ठावन्नवर होता. "शिडी धर," म्हणाले. मी धरली. माळ्यावरून चादरीतला खोका स्वतःच्या हाताने उतरवला. थरथरत्या हातात तो खोका आणि खाली मी, असा तो उतरण्याचा प्रसंग. पण माझ्या मनात, खरं सांगते, आनंद होता. एवढ्या वर्षांनी घोडं गंगेत न्हाणार होतं. आजाराने का होईना, मुहूर्त लागला होता. असा आनंद बायकोला होऊ नये, पण झाला.

दत्तूभाऊंना फोन गेला. ते माणहून तासाभरात आले, येताना पेढे घेऊन. वेष्टण फोडायचं म्हणजे यांच्यात मोठीच गोष्ट. डायनिंग टेबलवर पांढरं फडकं अंथरलं. शेजारी थिनर, ब्रश, पक्कड, सगळं ओळीने मांडलं. यांनी नखाने वेष्टण फाडलं आणि झाकण उचललं. सवयीने तिघांनी नाक पुढे केलं.

वास नेहमीचा नव्हता. आंबूस, तेलकट. दत्तूभाऊंनी यांच्याकडे बघितलं.

एकाच पिशवीत सगळं होतं. ट्रकचे टायर रबराचे, बाकी प्लास्टिक. इतकी वर्षं टायर प्लास्टिकला टेकून पडलेले. आमचा शेवटचा मजला, वर नुसता स्लॅब, एप्रिल-मेमध्ये त्या माळ्यावर पापड वाळले असते. त्या उष्णतेत रबरातून तेल सुटलं आणि टेकलेलं प्लास्टिक विरघळलं. टायर सांगाड्यात रुतून बसले होते, केबिनच्या नाकाला दोन ठिकाणी खड्डे, पुढची काच चिकट आणि दुधाळ. पाण्यात भिजवून चिकटवायची नंबरप्लेट आणि पट्टे, सगळं चहा सांडल्यासारखं पिवळं.

यांनी एक टायर ओढून काढला. तो निघताना सांगाड्याचा तुकडा घेऊनच निघाला.

"बंद ठेवलं म्हनून," दत्तूभाऊ हळू म्हणाले. "उगडून वापरलं असतं तर असं न्हाई झालं."

"हो," हे म्हणाले. आणि मग जे म्हणाले ते मला आजही आठवतं. "मी जपलं फार."

ही चूक फक्त यांच्यासारखेच लोक करू शकतात. दुसऱ्या कुणी निष्काळजीपणाने बिघडवलं असतं, यांनी काळजीने बिघडवलं. पेढे कुणी खाल्ले नाहीत. दत्तूभाऊ जाताना जिन्यात म्हणाले, "वहिनी, आता घरी जाऊन मला माजे सगळे उगडायला लागतील." पुढच्या रविवारी मी विचारलं, उघडले का. त्यांनी मान हलवली. न्हाई. जोवर झाकण लागलंय तोवर आतला माल चांगला आहे असं समजायला वाव होता, आणि तो वाव त्यांना हवा होता.

तरी यांनी तो ट्रक करायला घेतला. हे मी यांच्या बाजूने सांगते, कारण एवढं सगळं कडू बोलल्यावर तेवढं सांगायलाच हवं. पुट्टी आणली, खड्डे भरले, घासले. त्या कार्तिकात हवा अशी होती की काय सांगू. आकाश रोज निळं, काटा पंचेचाळीसवर, प्राधिकरणातल्या झाडांवरची धूळसुद्धा स्वच्छ दिसायची. सकाळच्या गोळीचा असर चढला की हात दीड-दोन तास शांत राहायचा. तेवढ्यात काम. मी मटार सोलत समोर बसायचे. किटच्या पुस्तिकेत पहिली पायरी इंजिन होती. यांनी पानं उलटली आणि सरळ फ्रंट अ‍ॅक्सल काढला.

"आधी इंजिन लिहिलंय ना?" मी म्हटलं.

"ते करू. हा हातातला आहे."

आणि खरंच, तो हातातला होता. जे भाग बोटाच्या पेरावरही हरवतील ते हे कापत होते, घासत होते, बसवत होते, आणि तेवढा वेळ हाताला जुनी ओळख लागल्यासारखी थरथर कमी व्हायची. मधेच एखादा नट टेबलावरून उडायचा आणि मी फरशीवर रांगत तो शोधायचे. सांगाड्याचा मागचा भाग हातात घेतला की मात्र बोटं गोंधळायची. इंजिनचे दोन अर्धे तीनदा चिकटवले, तिन्ही वेळा सरकले. मग पुन्हा अ‍ॅक्सल. तो हळूहळू पुरा झाला. काळा रंग मारला, बाल्कनीत, रंगाच्या हवेत, आणि तो सुरेख बसला. शेवटी यांनी काडीचं टोक पिवळ्या रंगात बुडवलं आणि नटांवर ठिपके द्यायला घेतले. असल्या ट्रकवर कुणी ठिपके देत नाही, पुस्तिकेतही नव्हते. पहिला नटावर पडला. दुसरा शेजारी. तिसरा ओघळला.

अ‍ॅक्सल तळव्यावर ठेवून माझ्यासमोर धरला. "करा इन्स्पेक्शन, बाईसाहेब."

मी माझं जुनं भिंग काढलं. दोन्ही टोकं बघितली. डोळ्यांनी दिसत होतं तेच भिंगाने मोठं दिसलं.

"डावीकडे तिरपा बसलाय," मी म्हटलं. "चाक लागलं तर घासणार."

"दिसलं मला," हे म्हणाले.

मी खोटं बोलायला हवं होतं असं मुलगी नंतर फोनवर म्हणाली. मला तसं वाटत नाही. जन्मभर अ‍ॅक्सल बसवलेल्या माणसाला तिरपा अ‍ॅक्सल कळत नाही असं समजून मी 'पास' म्हणायचं, हा त्याचा अपमान झाला असता. यांना ते कळलं होतं म्हणूनच यांनी मला विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळं खोक्यात गेलं. अ‍ॅक्सल तेवढा टीव्हीशेजारी राहिला. अख्खा ट्रक जोडायला निघालेल्या माणसाने शेवटी तेवढंच जोडलं, जे आयुष्यभर जोडलं होतं. आणि तेही कंपनीत कधी तिरपं बसलं नव्हतं. हवा त्यानंतरही दोन महिने उत्तम होती. मला त्या निळ्या आकाशाचा इतका संताप यायचा की मी कपडे वाळत घालायला गच्चीवर जाणं सोडलं.

पुढे मंडळी येत राहिली, आधी दर रविवारी, मग अधूनमधून. येणारा प्रत्येक जण कपाटाकडे बघायचा. "शरदराव, हे मी नेतो, बांधून आणतो तुमच्यासाठी," असं म्हणायचा आणि एकेक खोका काखोटीला मारून जायचा. हे नको म्हणत नसत. उलट खूश होत. दत्तूभाऊंनी यांचं आवडतं एक लष्करी विमान नेलं. गेल्या वर्षी त्यांच्या सुनेच्या डोहाळजेवणाला मी माणला गेले, तेव्हा त्या खोलीत डोकावले. ट्रॅक्टरांच्या थप्पीवर, सगळ्यांत वर, आमचं विमान. वेष्टणसुद्धा तसंच. आमच्या कपाटातून निघालं आणि त्यांच्या कपाटात बसलं, एवढाच त्याचा प्रवास.

"भाऊ, हे बांधणार होता ना?"

दत्तूभाऊ दारातच थांबले. "व्हय वहिनी. दोनदा हातात घेतलं. पर ते बांदलं, की शरदरावांनी न्हाई बांदलं असं पक्कं हुतंय. मग ठिवलं तसंच."

खाली जेवणात श्रीखंड होतं, ते मला गोड लागलं नाही.

मी पुष्कळ विचार केला, हे लोक जमवतात तरी काय. बांधायचंच नसेल तर आणायचं कशाला? आता मला वाटतं, खोका घरात आणला की तो बांधण्याइतकं आयुष्य आपल्यापुढे पडलंय असं माणसाला वाटतं. जितके खोके तितकं आयुष्य. कपाट भरलेलं असलं की मरायला फुरसत नाही. हे समजलं म्हणून मला काही मोठेपणा आला असं नाही. उलट जास्त चीड येते. असल्या हिशोबात मलाही धरलेलं होतं. 'पुढच्या हिवाळ्यात कोकणात जाऊ', 'रिटायर झाल्यावर बघू', 'पाऊस जाऊ दे', हे सगळे माझेही न फोडलेले खोकेच. यांच्या खोक्यांना निदान चित्र तरी होतं.

आज सकाळी थिनरच्या वासातून वाट काढत कुरियरचा मुलगा वर आला. हातात मोठं पार्सल. मला वाटलं, पत्ता चुकला. पण नाव यांचं. आता यांना शर्टाचं बटण लावता येत नाही, जेवण मी भरवते, फोनवर नंबर लावायचा तर बोट तीनदा भलतीकडे पडतं. त्या बोटाने ही ऑर्डर केव्हा दिली, किती वेळ दिली, मला पत्ता नाही. दुपारी मी डोळा लावते तेव्हाच, दुसरं काय.

मी पार्सल टेबलावर ठेवून कापलं. लांब नाकाचा ट्रक. तोच. नव्या छपाईचा, पण तोच.

मी बाल्कनीच्या दारात उभी राहिले. भांडण्याची तयारी होती. वाक्यं तयार होती, इतक्या वर्षांची. हे खुर्चीत बसून माझ्याकडेच बघत होते. शब्द आता सावकाश येतात, मध्ये थांबून.

"उघड," म्हणाले. "वेष्टण फोड. टायर... वेगळ्या पिशवीत काढ. टेकायला नकोत."

चूक लक्षात ठेवली होती. या वेळी बिघडू नये म्हणून. मी आत गेले, वेष्टण फोडलं, टायर निवडून काढले, एका कागदी पाकिटात घातले. झाकण उघडलं होतं म्हणून सवयीने वास घेतला. नवं, कोरडं प्लास्टिक. चांगला वास होता. माझी तयार वाक्यं वापरायची राहून गेली, आणि मला ते आवडलं नाही.

"झालं?" बाहेरून आवाज आला.

"झालं."

"मीटर बघ. किती आहे?"

मी बाहेर आले. तबकडी पुसली, म्हणजे वाचताना चूक नको. काटा त्रेचाळीसवर होता. रंगाची हवा. यांनी जन्मभर वाट बघितली तशी. मी यांच्या हाताकडे बघितलं. मांडीवर उजवा हात चालला होता, आपला आपण. त्रेचाळीस म्हटलं की काय काढायचं, एअरब्रश? आणि तो धरायचा कुणी? थिनर संपलं, सुई अडकली, शिफ्ट लागली, यातलं एकही कारण आता यांच्याकडे उरलं नव्हतं. यांच्याकडे फक्त पाऊस उरला होता.

"अठ्ठ्याहत्तर," मी म्हटलं.

हे हळूहळू मागे टेकले. "मग... ठेव वर. ओल जाऊ दे पुरती."

"ठेवते."

आमच्या दोघांच्या मध्ये दोरीवर सकाळचे कपडे होते. तासाभरापूर्वी वाळत घातलेले, आणि एवढ्यात कडक वाळलेले. यांचा शर्ट वाऱ्यावर खडखडत यांच्या तोंडासमोरून जात-येत होता. तो आम्हा दोघांनाही दिसत होता.